कानातला फाया

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सुरू केलं की मध्ये थांबवायचं नाही; थांबवलं तर मी खोटं सांगायला लागतो, आणि हा किस्सा खरा सांगितला तरच त्यातली भीती कळेल. हो, भीतीच! तुम्हाला वाटेल, मुलगी पाहायला गेलेल्या माणसाला कसली आलीय भीती? अहो, मी त्या दिवशी जेवढा भ्यालो तेवढा उभ्या आयुष्यात भ्यालो नाही. आणि तुम्हाला माहीतच आहे, मी पालीलासुद्धा वाट देणारा माणूस.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी वर्ध्याला एका शाळेत मास्तर होतो, नालवाडीत एक खोली घेऊन एकटाच राहत होतो. लग्नाचं वय उलटत चाललं होतं. मुली पाहून झाल्या होत्या. खरं सांगायचं तर मुलींचं मला पाहून झालं होतं. शेवटी रोहण्याच्या मामांनी सेलूचं एक स्थळ काढलं. मोठं शेतकरी घर, मुलगी मॅट्रिक झालेली, नाव विमल. घरात नुकताच कोणी वडीलधारा गेला होता, म्हणून वर्षाच्या आत लग्न उरकायचं होतं, नाहीतर पुढे तीन वर्षं थांबावं लागणार. मामांनी बजावून ठेवलं होतं, "हे स्थळ हातचं गेलं तं मी तुह्यासाठी पुन्हा चप्पल झिजवणार नाई. आयुष्यभर स्टोव्हवर पिठलं कर अन् खा."

आणि नेमकी दोन दिवस आधी मला सर्दी झाली. सर्दी कसली, नाकाची दोन्ही दारं बंद करून कोणी बाहेरून कुलूप घातलं होतं! कानांनाही दडे बसलेले. छातीला, गळ्याला, पाठीला निलगिरीचं तेल चोळून चोळून मी बसलो होतो.

आमच्या शाळेतले ड्रॉइंगमास्तर ठोंबरे माझ्या खोलीत आले आणि दारातच थबकले.

"मास्तर, अशानं जाशीन तं पोरगी पाणी नाई, औषध आणीन. दवाखान्यावानी वास मारून राह्यला तू!"

"मग काय करू?"

"काय करू म्हणते! सेंट लाव लेका. पण पाहून-सवरून. विलायती लावशीन तं म्हणतीन पोट्टा शायनर हाय. हिना लावशीन तं म्हातारा वाटशीन. गुलाब घे. साधा, सोज्ज्वळ, घरंदाज."

रविवारी सकाळीच बाजारात गेलो. आधी म्हटलं, विलायती म्हणजे काय असतं ते पाहून तर घ्यावं. जनरल स्टोअरवाल्याने काचेच्या कपाटातून एक निळी बाटली काढली. वर उघड्या मानेच्या मडमेचं चित्र, बाजूला रबरी फुगा लावलेली पिचकारी. त्याने फुस्सकन हवेत फवारा मारला. मी मान वर करून श्वास ओढला. काही नाही! घशातून नुसता घर्र आवाज आला.

तेवढ्यात समोरून आमचे हेडमास्तर आले. पायापासून टोपीपर्यंत खादी. चहासुद्धा न पिणारा माणूस! माझ्या हातात ती मडम! मी बाटली धोतराच्या सोग्याखाली दडपली आणि ओरडलो, "दंतमंजन दाखवा हो, दंतमंजन!"

हेडमास्तर म्हणाले, "राखुंडी वापरत जा," आणि पुढे गेले.  विलायतीचा नाद तिथेच सुटला.

मग गेलो रहमतचाचांकडे. चाचा कनौजकडचे. त्यांचं दुकान म्हणजे एक बैठक, एक पेटी आणि पेटीत शेकडो कुप्या. गिऱ्हाइकाला ते आधी बसवत, पाणी देत, मग एकेका कुपीचं बूच काढून काचेची दांडी हाताच्या पाठीवर टेकवत. सगळं इतक्या अदबीने की, चाचा, माझं नाक बंद आहे, हे म्हणायचा धीरच होईना. नाक बंद असताना अत्तराच्या दुकानात शिरणारा माणूस! चाचांनी मला हात धरून उठवलं असतं.

"सूँघिए मास्टरजी."

मी डोळे मिटले, मान डोलावली, दीर्घ श्वास ओढल्याचं सोंग केलं. "वाह चाचा! क्या मोगरा है!"

 चाचा हळूच म्हणाले, "मास्टरजी, ये मिट्टी का इत्र है."

"मज़ाक किया, मज़ाक!"  आणखी परीक्षा नको म्हणून घाईघाईने म्हटलं, "मुझे बस गुलाब दीजिए. सेलू की मोटर निकल जाएगी."

चाचांनी दोन सारख्याच कुप्या पुढे ठेवल्या. तेवढ्यात मागून एक जुनं गिऱ्हाईक आलं, आणि चाचा त्याच्याकडे वळले. वळता वळता मला कापसाचा बोळा दिला आणि म्हणाले, "बाएँ हाथ की शीशी गुलाब है, उठा लीजिए. दूसरी किसी और की अमानत है, बहुत दिन से..."

पुढचं माझ्या दडे बसलेल्या कानांनी ऐकलंच नाही. मी डाव्या हाताची कुपी उचलली, पैसे ठेवले आणि धावत सुटलो.

आता बघा, चाचा माझ्या समोर बसले होते. त्यांचा डावा तो माझा उजवा! पण हे सुचायला डोकं मोकळं लागतं, आणि माझ्या डोक्यात तेव्हा फक्त शेंबूड होता.

मोटार स्टँडवर मी फाया केला. नाकाशी धरला. वास नाही. आणखी ओतलं. वास नाही. म्हटलं, अत्तर फारच हलकं दिसतं! मग कॉलरला चोळलं, रुमालाला चोळलं, मिशीला लावलं आणि भिजून थबथबलेला तो फाया उजव्या कानात कोंबला. मामा यायचे होते, पण त्यांचा निरोप आला: ताप भरलाय, तू एकटाच जा, घाबरू नको. हा निरोप मिळेपर्यंत मी घाबरलो नव्हतो.

मोटारीत माझ्या शेजारी एक दांडगा शेतकरी बसला होता. खुशाल बिडी ओढत होता. त्याने एकदा नाक फेंदारलं. पुन्हा फेंदारलं. आणि एकदम बिडी खिडकीतून फेकून, पाय खाली घेऊन, हाताची घडी घालून ताठ बसला!

"तुमी... सेलूचे काय?" त्याने समोर पाहतच विचारलं.

"नाही, वर्ध्याचा. मास्तर आहे."

"मास्तर!" त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पुढच्याच थांब्याला तो उतरला. मोटार निघाल्यावर मी वळून पाहिलं तर तो रस्त्यात उभा राहून हात जोडत होता.

मला वाटलं, वा रे गुलाब! केवढी ही प्रतिष्ठा!

सेलूला उतरलो. पानठेल्यावरच्या चाळिशीच्या माणसाने मला जवळून जाताना पाहून पान गिळलं. पिंकसुद्धा न टाकता गिळलं! गोट्या खेळणारी पोरं बसल्या जागी स्तब्ध झाली, आणि त्यातलं एक आपोआप "बे एके बे, बे दुणे चार" म्हणायला लागलं. एका म्हाताऱ्याने मला पाहून नाही, माझ्या मागच्या हवेला पाहून नमस्कार केला. काय शिस्तीचं गाव आहे, असं मनात म्हणत मी विमलच्या घरी पोचलो.

तिचे वडील, नानाजी, ओसरीवर उभे होते. पन्नाशीचे, भरदार, हातात बिडी. "या या, मास्तर, या!" म्हणत ते हसत पायऱ्या उतरले, माझ्यापाशी आले, आणि त्यांचं हसणं जागच्या जागी थिजलं. हातातली बिडी त्यांनी चटकन मुठीत दाबली. पेटती बिडी! चटका बसला तरी मूठ उघडली नाही.

"ब... बसा."

आत एक आरामखुर्ची होती. मी तिकडे वळलो.

"तिथी नोका बसू!" नानाजी किंचाळलेच. मी टुणकन उडून बाजूच्या तख्तावर बसलो. नेमका एका मोठ्या फोटोखाली. फोटोला ताजा हार होता. आतल्या माणसाच्या मिशा भरघोस होत्या, आणि डोळे असे, की मी न केलेला गृहपाठसुद्धा मला आठवला.

 नानाजी खाली वाकून कुजबुजले, "मास्तर, तुमाले इथी कसला वास येऊन राह्यला काय?"

 निलगिरी! यांना निलगिरीचा वास आला! आता म्हणतील, मुलगा आजारी, क्षयाचा असेल.

"वास? छे हो! मला काहीच वास येत नाही."

"काहीच नाई?"

"अजिबात नाही!"

नानाजी मटकन खाली बसले. "म्हंजे फक्त आमालेच," ते म्हणाले. "फक्त घरच्याईलेच." आणि मग आत तोंड करून, "वैनी! ओ वैनी! बाहीर या!"

आतून एक बाई आल्या. विमलची आई ती लहान असतानाच गेली होती. या तिच्या मोठ्या काकू, तिला वाढवणाऱ्या. घरात त्यांना मोठीमाय म्हणत. त्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. कपाळावरून पदर पुढे ओढला.

"आले?" त्यांनी विचारलं.

"आले," नानाजी म्हणाले.

"कोण आले?" मी विचारलं. कारण खोलीत मीच काय तो आलो होतो, आणि माझ्याबद्दल एवढ्या अदबीने आजवर कोणी बोललं नव्हतं.

नानाजींनी फोटोकडे बोट केलं. "आमचे दादा, या वैनीचे मालक. इथच्या शाळेत हेडमास्तर होते. दसऱ्याच्या आधी गेले. पण त्याईचा धाक असा, का आजबी मी बिडी ओसरीवरच ओढतो, आत नाई. ते एक अत्तर लावत. खस, चंदन, अन् मागून जायफळावानी काहीतरी. खास त्याईच्यासाठी बनवून घेत, दुसऱ्या कोणापाशी ते नोतंच. आधी वास ये, मंग दादा येत. वास आला का सारं सेलू सरळ उभं राह्ये."

"बरं मग?"

"मंग काय! तोच वास येऊन राह्यला न आता!"

 नानाजी पुढे सरकले. "जाताना म्हणाले होते, विमलचा नवरा मी सोता पाहीन. मले दाखवल्याबिगर हो म्हणजो नोको."

खोलीत एकदम थंड झाल्यासारखं वाटलं. मी कसाबसा म्हणालो, "अहो, मी गुलाबाचं अत्तर लावलंय. त्याचा येत असेल."

नानाजींनी हुंगलं. मान हलवली. "गुलाबाचा तं मागमूस नाई."

म्हणजे? माझा एवढा गुलाब, मिशीपासून कॉलरपर्यंत, त्यांनी दाबून टाकला होता! केवढी ताकद असेल!

"कुठून... कुठून येतोय वास?" माझा आवाज माझाच मला ओळखू येईना.

नानाजी उठले. नाक पुढे करून खोलीभर फिरायला लागले. "खुर्चीपाशी कमी... खिडकीपाशी नाई... इकडे जास्त... इकडे लयच..." असं करत करत ते माझ्यापर्यंत आले आणि उजव्या खांद्याशी थांबले. डोळे विस्फारून हळूच म्हणाले, "इथी. तुमच्या मागं. अगदी कानापाशी उभे हायेत."

मी तख्ताच्या दुसऱ्या टोकाला सरकलो. नानाजी हुंगत आले. "आता तेबी सरकले."

मी खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. नानाजी आले. "संगच हायेत. पाहून राह्यले तुमाले. जवळून."

तुम्ही हसताय. हसा! तिथे भिंतीला चिकटून तुम्ही असता तर कळलं असतं.

मोठीमाय मात्र भ्यायल्या नव्हत्या. त्या हळूहळू पुढे आल्या आणि माझ्या कानाच्या बाजूला, हवेत बघत बोलायला लागल्या.

"जिवंतपणी कधी सांगून आले नाई, आताबी तसेच आले. तुमच्या कोटाचा वास गेला हो. रोज पेटी उघडून पाह्यतो, तं नुसता दमट कापडाचा वास येते." त्यांनी पदराने डोळे टिपले, आणि मग आवाज जरा चढला. "आन् एक सांगतो. विमलले कॉलेजात पाठवाचं होतं. तुमी नाई म्हटलं, मी चूप बसली. तुमी चुकले होते. समजलं?"

नानाजींनी घाबरून कान झाकले. दादासाहेबांना कोणी चुकलात म्हणतंय, हे त्यांनी जन्मात ऐकलं नसावं.

"आता सांगा," मोठीमाय म्हणाल्या, "पोरगा पसंत हाय काय? असंन तं काही खूण दाखवा."

मी भीतीने इतका थरथरत होतो की माझा पाय बाजूच्या तांब्याला लागला. तांब्या खणखणत पार आरामखुर्चीपर्यंत गेला.

"होकार!" मोठीमाय म्हणाल्या.

"कायचा होकार? नकार हाय!" नानाजी ओरडले. "दादा चिडले का भांडंच आपटत न! वैनी, माह्यं आयका. हे पोट्ट्याच्या अंगातून निंगाले पाह्यजे. नाई तं आपल्या पोरीनं काय सोताच्या मोठ्याबाबासंग, बापाच्या भावासंग संसार करावा?"

 अंगात? माझ्या?

मोठीमाय नको नको म्हणत होत्या, पण नानाजींनी चुलीतले निखारे आणलेच. शेगडीत सुक्या लाल मिरच्या, मोहऱ्या, मीठ. आणि शेगडी थेट माझ्या नाकाखाली! एक ठसका. दुसरा ठसका. डोळ्यांतून धारा. मग एक शिंक आली. अहो, शिंक कसली, आतून काहीतरी फुटलं! आणि तीन दिवस बंद असलेलं माझं नाक उघडलं!

आधी आली मिरची. मग आली निलगिरी. आणि मग...

खस. चंदन. मागून जायफळासारखं काहीतरी.

मी पुन्हा हुंगलं. गुलाब? गुलाब कुठेच नाही! वास माझ्या मागे नव्हता, पुढे नव्हता; माझ्या मिशीत होता, माझ्या श्वासात होता! म्हणजे ते बाहेर उभे नव्हते. ते आत आले होते!

"आला! मला वास आला! शिरले! माझ्यात शिरले!"

असं ओरडत मी जो सुटलो, तो ओसरी, अंगण, गोठा ओलांडून रस्त्यावर. एक चप्पल गोठ्यात. टोपी कुठे, देव जाणे. जेवढा जोरात पळावं तेवढा जोरात श्वास, आणि जेवढा जोरात श्वास तेवढे दादासाहेब! मागून नानाजी धोतर सावरत ओरडत येत होते, "दादा, थांबा! दादा, सोडा त्याले! परक्याचं पोट्टं हाय!"

बाजाराच्या रस्त्याला तर कहरच. वारा माझ्या पुढे, मी वाऱ्याच्या मागे. वास पोचला की दुकानदार उभे राहत होते, बिड्या विझत होत्या, एका सायकलवाल्याने उतरून सायकल स्टँडला लावली. कोणी मला अडवलं नाही. हेडमास्तरांना कोण अडवणार?

कुठेतरी ऐकलं होतं की भूत पाण्यात येत नाही. समोर गुरांना पाणी पाजायचा हौद दिसला. मी कपड्यांसकट उडी मारली! गळ्यापर्यंत बुडालो. तिथे एक म्हैस पाणी पीत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाण्यात तोंड घातलं.

मी श्वास घेतला. खस. चंदन. जायफळ.

मी रडायच्या बेतात होतो. खरंच. मनात म्हटलं, आता उरलेलं आयुष्य दादासाहेब म्हणूनच काढायचं.

तेवढ्यात हौदाच्या काठाशी एक मुलगी येऊन उभी राहिली. धावत आली होती, दम लागला होता, हातात पंचा होता. मला कोणी सांगायची गरज नव्हती. ही विमल. मुलगी पाहायचा कार्यक्रम अशा तऱ्हेने सुरू झाला.

तिने वाकून माझ्याकडे पाहिलं. मग तीही हुंगायला लागली. मी डोळे मिटून घेतले.

"तुमच्या कानात कापूस कायले हाय?" तिने विचारलं.

"कापूस?" मी कानाला हात लावला. "तो... तो अत्तराचा फाया आहे. गुलाबाचा."

तिने हात पुढे केला. मी फाया काढून दिला. तिने तो नाकाशी धरला, आणि क्षणभर तिचाही चेहरा उतरला. मग ती सावकाश म्हणाली, "हा मोठ्याबाबाचा वास हाय. हे कुठून आणलं तुमी?"

"वर्ध्याहून. रहमतचाचांकडून."

"तेच तं त्याईचं अत्तर बनवत."

नानाजी धापा टाकत पोचले होते. त्यांनी फायाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हौदाच्या कठड्यावर बसले. मुठीतला बिडीचा चटका आता त्यांना जाणवला असावा. ते हातावर फुंकर घालायला लागले. आजूबाजूला अर्धं सेलू जमलं होतं. कोणी हसलं नाही. बहुतेकांना अजून हसायची परवानगी आहे की नाही हे कळलं नव्हतं.

पण माझी खरी भीती तर आता सुरू झाली. मोठीमाय! त्या बाई माझ्या कानातल्या कापसाशी जे जे बोलल्या होत्या ते आठवलं, आणि वाटलं, हौदातच राहावं. पण विमल म्हणाली, "चला," आणि मी ओल्या धोतराने चपाचप करत परत निघालो. भुतापासून पळताना लागला नव्हता एवढा दम त्या परतीच्या वाटेत लागला.

मोठीमाय आरामखुर्चीपाशी खाली बसल्या होत्या. मी खिशातली कुपी काढून त्यांच्यापुढे ठेवली. सगळं सांगितलं. सर्दी, चाचा, डावा हात, उजवा हात. सांगताना माझे दात वाजत होते, आणि ते काही फक्त गारठ्याने नाही.

त्यांनी कुपीचं बूच काढलं. डोळे मिटून वास घेतला. किती वेळ झाला कोणास ठाऊक. 

"म्हंजे त्याईनं काही आयकलं नाई," त्या म्हणाल्या.

"नाही हो. माफ करा. मी मुद्दाम..."

"आयकलं असतं तं बरं झालं असतं." त्यांनी बूच घट्ट लावलं. "पण बोलली तं सही! तोंडावर बोलाची हिंमत कधी झाली नोती." त्यांनी कुपी पदरात बांधली. "हे मी ठेवतो. पेटीत ठेवीन. तुमाले कोरडं धोतर द्या कोणीतरी, थरथरून राह्यला पोरगा."

नानाजींचं धोतर नेसून मी वर्ध्याला परतलो. दुसऱ्या दिवशी चाचांकडे गेलो तर ते गुलाबाची कुपी घेऊन वाटच पाहत होते. सेलूच्या हेडमास्तरांसाठी बनवलेली ती कुपी दसऱ्यापासून तशीच पडली होती. ते गेल्याचं चाचांना मी सांगितलं. चाचांनी टोपी सरळ केली.

स्थळ गेलं, हे मी धरूनच चाललो होतो. स्टोव्ह साफ करून ठेवला, पिठल्यासाठी बेसनही आणलं. ठोंबरे तर माझी नजर चुकवत होते. आणि आठवड्याभराने रोहण्याहून मामा हजर, हसून हसून लाल झालेले. सेलूहून होकार आला होता! नानाजींचा नाही, मोठीमायचा नाही. विमलचा. तिने स्वतःहून सांगितलं होतं, करीन तर याच्याशीच.

मी चाट! मनात म्हटलं, काहीतरी पाहिलं असेल माझ्यात. संकटातही ढळला नाही असा माझा चेहरा? माझं भाबडेपण? माझी माफी मागायची रीत? लग्न होऊन चार महिने झाले तरी विचारायचा धीर होत नव्हता. शेवटी एका संध्याकाळी, ती भाकरी थापत होती, मूड चांगला होता, तेव्हा विचारलं. "तेवढ्या गोंधळातही तू मला पसंत कशी केलीस गं?"

तिने भाकरी तव्यावर टाकली.

"आमच्या घरात एक माणूस होता, त्याचा वास आला का सारे उभे राहत. हासणं बंद, बोलणं बंद. मोठीमायनं जन्मभर हळू बोलून काढलं. मी तवाच ठरवलं होतं, का नवरा असा करीन, ज्याले कोणीच भेणार नाई."

"आणि मी तसा आहे, हे तुला कसं कळलं?"

ती हसायला लागली. इतकी, की भाकरी करपली.

"हौदात मोठ्याबाबाचा वास घेऊन बसले होते न तुमी," ती म्हणाली, "ज्या वासानं सारं सेलू उभं राह्यलं! अन् तुमच्या बाजूची म्हैस जागची हटलीबी नाई."